पितळी वॉल लाइटचा प्लग काढून तो थेट घरच्या वायरिंगला जोडायचा आहे: सुरक्षित पद्धत कोणती?

नेरुळ_रहिवासी (प्रश्न)

नमस्कार. आम्ही नेरुळमध्ये सिडकोने नव्वदच्या दशकात बांधलेल्या एका इमारतीत राहतो. सासऱ्यांना रात्री झोपण्यापूर्वी वाचायची सवय आहे. त्यांच्या पलंगाच्या दोन्ही बाजूंना लावण्यासाठी लोहार चाळीतून पितळी बॉडीचे दोन वॉल लाइट आणले आहेत. हे दिवे मुळात प्लगवर चालणारे आहेत. प्रत्येकाला साधारण दोन मीटर लांबीची पीळ दिलेली दोन-कोअर वायर आहे, वायरीवर मध्येच चालू-बंद करण्याचे बटण आहे आणि टोकाला दोन पिनांचा प्लग आहे. होल्डर आट्यांचा आहे आणि त्यात ९ वॅटचा एलईडी बल्ब लावायचा विचार आहे.

भिंतीवरून लोंबणारी वायर आम्हाला नको आहे, कारण त्या खोलीत लहान मुले खेळतात आणि सासऱ्यांचा तोल कधीकधी जातो. पलंगाशेजारच्या बोर्डवरच्या बटणाने दिवा लागावा, एवढीच अपेक्षा आहे. घरी छोटी कामे करायला येणाऱ्या गृहस्थांचे म्हणणे असे की प्लग कापून टाकायचा, भिंतीत बोर्डापर्यंत झिरी मारायची, तीच वायर तिच्यात बसवून वरून सिमेंट लावायचे आणि बोर्डात जोडून द्यायची. अर्ध्या तासाचे काम आहे असे ते म्हणाले, पण माझे मन त्याला तयार होत नाही.

दिव्याची मूळ वायर भिंतीत गाडली तर चालते का? वायर दोनच तारांची असताना पितळी बॉडीला अर्थिंग आवश्यक आहे का? फेज (जिवंत तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) कुठून घ्यावेत? दोनपैकी एक दिवा ज्या भिंतीवर येणार आहे ती बाहेरची भिंत असून पावसाळ्यात तिला ओल येते, त्याचे काय करावे? डीबीमध्ये, म्हणजे घराच्या मुख्य वीजपेटीत, एमसीबींच्या (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचांच्या) शेजारी ‘टेस्ट’ असे बटण असलेला एक मोठा स्विच आहे आणि त्यावर १०० एमए असे छापलेले आहे. त्याचा अर्थही कळला तर बरे होईल.

ठाणे_विद्युत

ताई, आपले मन तयार होत नाही ते योग्यच आहे. इमारतींच्या विद्युत कामांवर देखरेख करण्यात माझी नोकरी गेली, त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

दिव्याची मूळ वायर भिंतीत गाडू नये, आणि या बाबतीत कोणतीही सवलत घेऊ नये. ती लवचिक वायर उघड्यावर वापरण्यासाठी आणि दिवा हलवता यावा यासाठी बनवलेली असते. तिच्यातले तांबे बहुधा ०.५ किंवा ०.७५ स्क्वेअर एमएमचे असते, तिचे आवरण पातळ असते, आणि सिमेंटमध्ये बसवल्यावर ती पुन्हा ओढून बाहेर काढता येत नाही. पुढे कोणी त्याच भिंतीवर तसबिरीसाठी खिळा ठोकला, तर त्या वायरीला कसलेही संरक्षण नसते. घराच्या पक्क्या वायरिंगची जागा लवचिक वायरीने घेऊ नये हा नियम आपल्याकडेच नव्हे, तर इतर देशांच्या संहितांमध्येही आहे, आणि त्यामागे अशाच वायरींमुळे लागलेल्या आगींचा अनुभव आहे.

पुष्कळ जण म्हणतात की ९ वॅटच्या बल्बाला असा किती प्रवाह लागणार, मग वायर जाड असो की बारीक. बल्बाला लागणारा प्रवाह खरोखरच एका अँपिअरच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो. परंतु वायरीची जाडी ठरवताना दिवा नीट चालू असतानाचा प्रवाह पाहून भागत नाही. दिव्यात किंवा जोडात बिघाड झाल्यावर एमसीबी पडेपर्यंत त्या वायरीतून काय वाहू शकेल ते पाहावे लागते. ती वायर चुकून १६ अँपिअरच्या एमसीबीवर, म्हणजे पॉवरच्या सर्किटवर जोडली गेली, तर एमसीबीला काही कळण्याआधी वायर तापून तिचे आवरण वितळू शकते. म्हणून हा दिवा लाइटच्या सर्किटवरच घ्यावा, ज्याचा एमसीबी ६ किंवा फार तर १० अँपिअरचा असतो, आणि भिंतीतून जाणारी वायर १.५ स्क्वेअर एमएम तांब्याची, आयएसआय चिन्ह असलेली घ्यावी. फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन तारा पीव्हीसी पाइपातून न्याव्यात. पाइप असला की उद्या वायर बदलायची झाली तर भिंत फोडावी लागत नाही.

दिव्याच्या पाठीमागे भिंतीत एक बॉक्स बसवावा लागेल. पक्की वायर त्या बॉक्सपर्यंत येईल, दिव्याची लवचिक वायर तिथून पुढे होल्डरपर्यंत जाईल, आणि दोहोंचा जोड फक्त त्या बॉक्समध्येच असेल. जोड कधीही प्लास्टरमध्ये किंवा पाइपाच्या आत असू नये. प्लगवरच्या दिव्यांची मुख्य अडचण इथेच येते: त्यांची मागची पट्टी सपाट आणि अरुंद असते, कारण तिच्यामागे जोड असेल असे बनवणाऱ्याने गृहीतच धरलेले नसते. ती पट्टी बॉक्सचे तोंड पूर्ण झाकत नसेल, तर पितळी किंवा जाड अ‍ॅक्रिलिकचा एक गोल तळपाट करून घ्यावा आणि त्यावर दिवा बसवावा. वायर पितळेतून ज्या भोकातून बाहेर येते त्याला रबरी बुश असलाच पाहिजे. धातूची धार वायरीचे आवरण हळूहळू कापत जाते आणि ते बाहेरून दिसत नाही.

जोडासाठी तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळणे मला मान्य नाही. खाडीकाठच्या हवेत टेपचा गोंद दोन-तीन पावसाळ्यांत सुटतो. स्क्रूची कनेक्टर पट्टी किंवा खटक्याचा कनेक्टर वापरावा. लवचिक वायरीच्या बारीक तारा स्क्रूखाली धरायच्या असतील तर टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी, म्हणजे फेरूल, लावावी. काही जण टोकाला सोल्डर करून देतात. ते दिसायला नीट दिसते, पण स्क्रूच्या दाबाखाली सोल्डर हळूहळू बसत जातो आणि जोड सैल पडतो.

आता अर्थिंगचे. दिव्यावर किंवा त्याच्या खोक्यावर एका चौकोनात दुसरा चौकोन असे चिन्ह आहे का ते आपण पाहावे. ते असेल तर दिवा दुहेरी इन्सुलेशनचा आहे आणि त्याला अर्थची गरज नाही. ते चिन्ह नसेल आणि बॉडी धातूची असेल, तर दोन-कोअर वायर काढून तीन-कोअर वायर घालणे आणि हिरवी तार बॉडीला पक्की जोडणे आवश्यक आहे. पितळेवर चमक टिकावी म्हणून लॅकरचा थर दिलेला असतो. जिथे अर्थचा स्क्रू बसणार तेवढ्या जागेचा थर घासून काढल्याशिवाय तो जोड विजेच्या दृष्टीने जोडच ठरत नाही.

शेवटी होल्डरचे. आट्यांच्या होल्डरमध्ये फेज तळाच्या मधल्या पत्रीला आणि न्यूट्रल आट्यांच्या बाजूला यावा लागतो. उलटे झाले तरी दिवा लागतो, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. मात्र बल्ब बदलताना बोटे ज्या आट्यांजवळ जातात तिथे २३० व्होल्ट असतात. आपला दोन पिनांचा प्लग कसाही उलटसुलट बसत होता, म्हणजे आजवर हे नशिबावर होते. पक्के जोडताना ते एकदाच नीट ठरवता येते. बोर्डावरचे बटण फेजच तोडते आहे याचीही खात्री करून घ्यावी, कारण जुन्या घरांमध्ये बटणातून न्यूट्रल गेलेला मी अनेकदा पाहिला आहे.

रंगांच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. भिंतीतल्या वायरिंगमध्ये आपल्याकडे फेजला लाल, पिवळा किंवा निळा आणि न्यूट्रलला काळा रंग चालत आला आहे. तयार उपकरणांच्या वायरींमध्ये मात्र तपकिरी तार फेजची आणि निळी तार न्यूट्रलची असते. म्हणजे निळा रंग एकीकडे फेज आणि दुसरीकडे न्यूट्रल. रंग पाहून जोडू नका, मीटरने (मल्टिमीटरने) तपासूनच जोडा.

घोडबंदर_वाचक

वरील माहिती उत्तम आहे. मी केवळ भिंतीविषयी लिहितो, कारण आमच्या घरी अडचण तिथेच आली.

घोडबंदर रस्त्यावरच्या आणि खारघरकडच्या पुष्कळ नव्या टॉवरांच्या भिंती मायव्हन पद्धतीच्या असतात. अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून भिंत आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटमध्ये ओतलेले असतात, आणि त्या भिंतीत सळ्या असून ती इमारतीचा भार पेलत असते. अशा भिंतीला झिरी मारू नये. बिल्डरच्या सूचनापत्रकातही बहुधा तसे लिहिलेले असते. आम्ही त्यामुळे भिंतीच्या वरून पांढरी केसिंग पट्टी नेली, ती चौकटीच्या कडेने आणि पलंगाच्या पाठीमागून फिरवली, आणि रंग दिल्यावर ती नजरेत येत नाही.

आपली इमारत जुनी असल्याने भिंती विटांच्या असतील, परंतु खांब आणि तुळया काँक्रीटच्याच असणार. बोर्डापासून दिव्यापर्यंतचा मार्ग ठरवण्याआधी भिंतीवर बोटाने ठोकून आणि लहान भोक पाडून खांब कुठे आहे ते पाहून घ्यावे, आणि खांबाला किंवा तुळईला झिरी मुळीच मारू नये. विटांच्या भिंतीतही उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी झिरी एक षष्ठांशापेक्षा खोल नसावी, असा बांधकामातला नियम आहे. साडेचार इंची आतल्या भिंतीत आडव्या झिरीला त्या हिशेबाने पाऊण इंचच मिळतो. त्यात पाइप आणि वरचे प्लास्टर बसत नाही. म्हणून बोर्डातून सरळ वर आणि दिव्याच्या उंचीला थोडेसे आडवे असा मार्ग शक्य नसेल, तर दिव्याची जागा बोर्डाच्या बरोबर वर सरकवणे सोपे पडते. तिरपी झिरी तर कधीच नको. पुढे खिळा मारणारा माणूस वायर बोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ आडवी असेल असेच धरून चालतो.

भिंत फोडण्याआधी सोसायटीच्या सचिवांना लेखी कळवावे. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर तर मी दिवा लावलाच नसता.

नेरुळ_रहिवासी

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे पाहिले. दिव्यावर किंवा खोक्यावर दुहेरी चौकोनाचे चिन्ह कुठेही नाही, व्होल्टेजही लिहिलेले नाही, केवळ दुकानाचे लेबल आहे.

आज दुसऱ्या एका इलेक्ट्रिशियनना बोलावले होते. त्यांनी पलंगाशेजारचा बोर्ड उघडून मीटर लावला, तेव्हा सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाला मागे तारच जोडलेली नाही असे आढळले. त्या बोर्डापर्यंत अर्थ आलेलाच नाही. यावर त्यांनी असे सुचवले की सॉकेटच्या आतच न्यूट्रलमधून एक तुकडा अर्थच्या पिनेला द्यावा, म्हणजे ‘अर्थिंग होऊन जाईल’. शेवटी दोन्ही एकाच ठिकाणी जातात असे त्यांचे म्हणणे आहे. फेज ते लाइटच्या सर्किटवरून आणि न्यूट्रल जवळच्या सॉकेटवरून घेणार आहेत, आणि ते सॉकेट बहुधा दुसऱ्या एमसीबीवर आहे. हे बरोबर आहे का?

ऐरोली_वायरमन

ताई, कृपया यातले काहीही करू देऊ नका. मी वायरमनचा परवाना घेऊन हे काम करतो आणि ऐरोली-घणसोलीच्या जुन्या घरांमध्ये असा न्यूट्रलचा तुकडा मला अनेकदा सापडतो. सापडला की आधी तो काढतो आणि मग पुढचे काम हातात घेतो.

न्यूट्रल आणि अर्थ पुरवठ्याच्या बाजूला कुठेतरी एकत्र येतात हे खरे आहे. पण घरात न्यूट्रल ही प्रवाह वाहून नेणारी तार आहे आणि अर्थ ही बिघाडाची वाट पाहत असलेली तार आहे. सॉकेटमध्ये दोन्ही जोडल्यावर दिव्याची पितळी बॉडी थेट न्यूट्रलला बांधली जाते. आता न्यूट्रलचा एखादा जोड बोर्डामागे, डीबीत किंवा खाली मीटर रूममध्ये सैल झाला, तर फेज बल्बातून न्यूट्रलमध्ये येतो, पुढे जायला वाट नसते, आणि तो त्या तुकड्यातून दिव्याच्या बॉडीवर येऊन थांबतो. बॉडीवर जवळजवळ २३० व्होल्ट, बल्ब बंद, आणि एमसीबी पडण्याचे काहीच कारण नाही. दिवा का लागत नाही म्हणून आपले सासरे हात लावून पाहतील, आणि नेमके तेव्हाच बॉडी जिवंत असेल. अर्थ अजिबात नसण्यापेक्षाही ही स्थिती वाईट आहे, कारण अर्थ नसताना धोका दिव्यातल्या बिघाडाचा असतो, आणि इथे पूर्ण चांगला दिवाही धोकादायक होतो.

फेज एका सर्किटचा आणि न्यूट्रल दुसऱ्या सर्किटचा घेणेही तितकेच अयोग्य आहे. उद्या कोणी लाइटचा एमसीबी पाडून ‘बंद केले आहे’ असे समजून काम करायला बसेल, तेव्हा त्या न्यूट्रलमध्ये दुसऱ्या सर्किटचा प्रवाह चालूच असेल, आणि तो जोड उघडला की झटका बसेल. शिवाय दोन सर्किटांना वेगवेगळे आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारे स्विच, लावले असतील, तर जाणारा आणि परत येणारा प्रवाह जुळणार नाही आणि दिवा लावताक्षणी ते पडतील. अशा वेळी कंटाळून आरसीसीबी काढून टाकलेली घरेही मी पाहिली आहेत, म्हणून हे सविस्तर सांगतो आहे.

आपल्या डीबीतला तो मोठा स्विच हाच आरसीसीबी आहे. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह सतत तोलून पाहतो आणि दोहोंत फरक पडला की पुरवठा तोडतो. १०० एमए म्हणजे फरक १०० मिलिअँपिअरपर्यंत गेल्यावर तो नक्की पडेल. गळतीमुळे आग लागू नये यासाठी हा आकडा उपयोगी आहे, परंतु माणसाला झटक्यापासून वाचवण्यासाठी ३० एमए लागतो. सासरे आणि मुले त्या खोलीत असतात हे लक्षात घेता, नवा पॉइंट काढण्याआधी ३० एमएचा आरसीसीबी बसवून घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन. तो लावल्यावर पहिल्या दिवशीच पडू लागला, तर घरात आधीपासून कुठेतरी गळती आहे असे समजावे आणि ती शोधावी. ‘टेस्ट’ बटण दर महिन्याला दाबत जा, मात्र ते दाबल्यावर आरसीसीबी पडला याचा अर्थ सॉकेटला अर्थिंग आहे असा होत नाही. ते बटण फक्त आरसीसीबीची स्वतःची यंत्रणा तपासते.

मग दिव्याचे काय करावे? डीबीच्या अर्थ पट्टीपासून त्या बोर्डापर्यंत १.५ स्क्वेअर एमएमची हिरवी तार जुन्याच पाइपातून ओढून आणता येते का, ते आधी पाहावे. पाइप दबलेला नसेल आणि त्यात जागा असेल, तर स्टीलची फिश वायर घालून हे काम होते. डीबीतली अर्थ पट्टीसुद्धा खाली मीटर रूमच्या अर्थिंगपर्यंत खरोखर जोडलेली आहे की नाही ते त्याच वेळी मोजून घ्यावे. तार आली की सॉकेटलाही अर्थ मिळेल, म्हणजे दिव्यापलीकडेही त्या खोलीचे भले होईल. तार ओढणे शक्यच नसेल, तर हे पितळी दिवे तिथे लावू नयेत. दुहेरी चौकोनाचे चिन्ह असलेले प्लास्टिक बॉडीचे दिवे घ्यावेत, किंवा ज्यांचा अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्ट डीसी देतो असे वाचनाचे दिवे घ्यावेत. १२ व्होल्टचा दिवा घेतला, तर अ‍ॅडॉप्टर कापून त्याची बारीक वायर थेट २३० व्होल्टला जोडण्याचा प्रकार कोणी करू नये म्हणून अ‍ॅडॉप्टर सॉकेटमध्येच ठेवावा.

ओलीच्या भिंतीबाबत वर लिहिले आहे त्याच्याशी मी सहमत आहे. आधी बाहेरून गळती बंद करून घ्या, एक पूर्ण पावसाळा भिंत कोरडी राहते का पाहा, आणि तोपर्यंत त्या बाजूचा दिवा आतल्या भिंतीवर किंवा पलंगाच्या लाकडी पाठीवर बसवा. बॉक्समध्ये ओल शिरली की क्षारांमुळे स्क्रू हिरवे पडतात आणि गळती तिथूनच सुरू होते.

काम करताना वीज बंद करण्याविषयीही सांगतो. बटण बंद करणे म्हणजे वीज बंद करणे नव्हे. त्या सर्किटचा एमसीबी पाडा, शक्य असेल तर मेनच पाडा. घरात इन्व्हर्टर असेल तर तो वेगळा बंद करावा लागतो, कारण मेन पाडल्यावर इन्व्हर्टर लाइटचेच सर्किट चालू ठेवतो, आणि इन्व्हर्टर असलेल्या घरात अपघाताची ही ठरलेली जागा आहे. निऑनच्या टेस्टरवर विसंबू नये. पाइपातल्या शेजारच्या तारेमुळे बंद तारेवरही तो मंद पेटतो, आणि लाकडी स्टुलावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात तो जिवंत तारेवरही पेटत नाही. मीटर आधी चालू असलेल्या सॉकेटवर लावून तो ठीक आहे याची खात्री करा, मग ज्या तारा उघडायच्या त्या फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्यांवर तपासा, आणि पुन्हा एकदा चालू सॉकेटवर मीटर लावून पाहा.

खारघर_शेजारी

याच विषयाशी जोडलेली एक शंका. माझ्या भावाने अमेरिकेतून असाच प्लगचा वॉल लाइट आणला आहे. त्याची वायर चपटी आहे आणि प्लगचे एक पाते दुसऱ्यापेक्षा रुंद आहे. प्लग कापून तो इथे जोडता येईल का?

ठाणे_विद्युत

अमेरिकेत घरगुती पुरवठा १२० व्होल्टचा असतो, त्यामुळे दिव्यावरचे लेबल आधी वाचावे. एलईडी आतच बसवलेला असेल आणि लेबलवर १००–२४० व्होल्ट असे नसेल, तर तो दिवा इथल्या पुरवठ्याला जोडू नये. बल्ब बदलता येण्याजोगा असेल, तर केवळ इथला २३० व्होल्टचा बल्ब लावून भागत नाही. होल्डर आणि वायरीवरचे बटण हे दोन्ही बहुतेक वेळा १२५ किंवा २५० व्होल्टचे असतात आणि ते त्यांच्यावरच कोरलेले असते. २५० नसेल तर इथला आयएसआय चिन्हाचा होल्डर बसवावा आणि वायरही बदलावी. रुंद पाते न्यूट्रलचे असते आणि चपट्या वायरीत ज्या बाजूला बोटांना कंगोरे जाणवतात ती तार न्यूट्रलची असते, परंतु वायर आधी कोणी बदलली असेल तर हे चिन्ह फसवते. त्यामुळे होल्डरच्या आट्यांपर्यंत मीटरने मोजूनच खात्री करावी.

नेरुळ_रहिवासी

ऐरोलीच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे न्यूट्रलचा तुकडा लावू दिला नाही. परवानाधारक कंत्राटदारांकडून पाहणी करून घेतली. जुना पाइप मोकळा आहे आणि डीबीपासून बोर्डापर्यंत हिरवी तार येऊ शकते असे त्यांनी सांगितले. ३० एमएचा आरसीसीबी ते आधी बसवणार आहेत. आतल्या भिंतीवर बोर्डाच्या सरळ वर एक पितळी दिवा, तीन-कोअर वायर घालून, पक्का जोडायचा असे ठरले आहे. बाहेरच्या भिंतीचा दिवा सध्या लावायचा नाही. वायरीवरचे मधले बटण ठेवावे की काढावे, आणि काम संपल्यावर त्यांच्याकडून काय तपासून घ्यावे, एवढेच विचारायचे राहिले.

ऐरोली_वायरमन

निर्णय योग्य आहे. परवानाधारक कंत्राटदार घेतलात हेही बरे केलेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांप्रमाणे बल्ब, पंखा, बटण बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता घरच्या वायरिंगमधली भर परवानाधारकाकडूनच करून घ्यायची असते, आणि नवा पॉइंट काढणे ही भरच आहे.

वायरीवरचे बटण काढून टाका. तीन-कोअर वायर नवी येणार असल्यामुळे ते आपोआपच जाईल. ते एकाच तारेला तोडते आणि ती कोणती तार हे दिसत नाही. शिवाय बॉक्सपासून होल्डरपर्यंतची वायर आता वितभरच उरेल, तिच्यावर बटणाला जागाही नाही. वायर ओढली गेली तर ताण जोडावर न येता क्लॅम्पवर यावा, म्हणून दिव्याच्या बुडाशी वायरीला घट्ट धरणारा क्लॅम्प आहे का ते पाहा. दोऱ्यासारखी गाठ मारून भागवू देऊ नका.

तपासण्या तुमच्यासमोरच करून घ्या. बल्ब काढून आणि एमसीबी पाडून मेगरने, म्हणजे तारांचे इन्सुलेशन मोजण्याच्या यंत्राने, ५०० व्होल्टवर फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजायला सांगा. किमान १ मेगओहम यायलाच हवा, आणि नव्या कोरड्या वायरिंगला त्याच्या कितीतरी पट जास्त येतो. आकडा १ च्या आसपासच घुटमळत असेल तर भिंतीत ओल आहे किंवा आवरण कुठेतरी सोलले आहे. त्यानंतर दिव्याच्या पितळी बॉडीपासून डीबीच्या अर्थ पट्टीपर्यंत सलगता मोजायची; ती एखाद्या ओहमच्या आत असावी. ती न आल्यास बहुधा लॅकर नीट घासलेले नसते. मग पुरवठा चालू करून, बोर्डाचे बटण दाबून, आट्या आणि अर्थ यांच्यामध्ये मीटर लावायचा: तिथे जवळजवळ शून्य आणि मधल्या पत्रीवर २३० च्या आसपास दिसले की होल्डर बरोबर जोडला आहे. बटण बंद केल्यावर मधल्या पत्रीवरही शून्य आले पाहिजे.

बल्ब लावण्याआधी हे सर्व आकडे, तारीख आणि दिवा कोणत्या एमसीबीवर आहे हे एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. उंचीबाबत म्हणाल, तर सासऱ्यांना पलंगावर टेकून बसवून पुस्तक हातात द्या, बल्ब त्यांच्या डोळ्यांच्या रेषेपेक्षा थोडा वर आणि खांद्यामागे येईल असे पेन्सिलीने भिंतीवर खूण करून घ्या, आणि मगच कंत्राटदारांना बॉक्सचे भोक पाडू द्या.